फॉरमॅट मारण्याआधी

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "फॉरमॅट मारून टाका". प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट मारा. मशीन हँग होतं, फॉरमॅट मारा. असं सांगणाऱ्या पोरांवर मी सरसकट रागावत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, फॉरमॅटचे पैसे ठरलेले असतात आणि काम संध्याकाळपर्यंत उरकतं. दुखणं शोधायला बसलं तर किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, आणि नुसत्या शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. तरीही माझं मत पक्कं आहे. दुखणं कळायच्या आधी मारलेला फॉरमॅट म्हणजे पुरावा पुसणं. त्याबरोबर आणखी काय काय पुसलं जातं, ते मी एका ग्रंथालयात पाहिलं.

माझं दुकान कराडला. 2008च्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्यांच्याकडे जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. कागद इतका कुरकुरीत झाला होता की पान उलटताना कोपरा हातात यायचा. म्हणून त्यांनी सगळे खंड स्कॅन करायला घेतले. एक मुलगा रोज दुपारी येऊन पानं स्कॅन करायचा, ग्रंथपालबाई ती तपासायच्या, यादीत नोंद करायच्या आणि मग डीव्हीडीवर उतरवायच्या. प्रत्येक डीव्हीडीच्या तीन प्रती: एक ग्रंथालयात, एक अध्यक्षांच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. एवढा विचार त्या काळी मोठमोठ्या कार्यालयांतही कुणी करत नव्हतं.

अडलं ते डीव्हीडी उतरवण्यावर. बर्निंगचं सॉफ्टवेअर फोल्डर उघडताना आपोआप बंद पडायचं. माझ्या आधी आलेल्या माणसाने तीन गोष्टी केल्या होत्या. रॅम 512 एमबीची 1 जीबी केली, डीव्हीडी रायटर बदलला, आणि तरीही थांबेना म्हणून फॉरमॅट मारला. स्कॅन केलेली पानं दुसऱ्या हार्ड डिस्कवर होती, म्हणून वाचली. पण बाईंनी केलेली एक्सेलमधली यादी, म्हणजे कोणत्या अंकात कोणाचा लेख, कोणत्या पानावर, ही सगळी सूची 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये होती. ते सी ड्राइव्हवर असतं. कित्येक महिन्यांचं काम गेलं. आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच बंद पडलं.

मी गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, सॉफ्टवेअर उघडतं. फोल्डर उघडला की मिटतं. मोठा फोल्डर असला तर मिटतंच, पण कधी कधी लहान फोल्डरवरही मिटतं. आधीचे म्हणाले, असं होऊ शकत नाही, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. पण मी लिहून ठेवलंय."

आणि त्यांनी खरोखरच एक रजिस्टर पुढे ठेवलं. तारीख, वेळ, फोल्डर, काय झालं, असे चार रकाने. आयुष्यभर पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी ठेवणाऱ्या हातचं ते काम. "पावणेअकरा, 1958 जानेवारी ते जून, उघडला." "सव्वादोन, तोच फोल्डर, मिटला." या धंद्यात इतकी नेमकी तक्रार मला क्वचितच मिळाली आहे. बहुतेक लोक "चालत नाही" एवढंच सांगतात, आणि त्यांचाही दोष नसतो, कारण नीट सांगितलेलं ऐकून घेणारा त्यांना कधी भेटलेला नसतो.

फोल्डर उघडताना प्रोग्राम पडतो तेव्हा पहिला संशय एखाद्या बिघडलेल्या फाइलवर घ्यायचा असतो. त्याला माझ्याकडे आधार होता. आदल्याच लग्नसराईत एका फोटो स्टुडिओत असंच झालं होतं. एका लग्नाच्या फोल्डरमध्ये सुमारे 2000 फाइली होत्या, आणि तो उघडला की बर्निंगचं सॉफ्टवेअर जागच्या जागी पडायचं. अशा वेळी करायचं ते सोपं. फाइलींचे दोन भाग दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि दोन्ही उघडून पाहायचे. ज्या भागावर पडतं त्याचे पुन्हा दोन. हजार, पाचशे, अडीचशे, असं करत गेलं की 2000 फाइलींमधून नेमकी एक फाइल अकरा वाटण्यांत हाती लागते. ती निघाली एक एव्हीआय क्लिप. कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी होत असताना मध्येच वीज गेली होती. एव्हीआयची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे अर्धवट कॉपी झालेल्या क्लिपला ती नसतेच. फोल्डर उघडला की सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलचं छोटं चित्र काढायला जातं, त्यासाठी नेटवरून उतरवून घातलेला कुठलासा कोडेक त्या क्लिपमध्ये अनुक्रमणिका शोधायचा, आणि तिथेच सगळं कोसळायचं. क्लिप काढली, काम सुरू. भारनियमनाच्या त्या दिवसांत अशा अर्धवट फाइली घराघरांत होत्या.

ग्रंथालयात मी तेच करून पाहिलं. बाईंनी एका डीव्हीडीवर मावतील एवढी सगळी पानं 'डीव्हीडी 3' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये आणली होती. साधारण 11,800 फाइली. दोन भाग केले. पहिला उघडला, व्यवस्थित उघडला. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं, दुसरा उघडला. तोही उघडला. दोन्ही अर्धे निरोगी, पूर्ण मात्र आजारी. बिघडलेली फाइल असती तर ती कुठल्या तरी अर्ध्यात असायलाच हवी होती. म्हणजे दोष कुठल्याही पानात नव्हता, बेरजेत होता.

मग वजनाचा प्रश्न. डीव्हीडी 4.7 जीबीची म्हणतात ते 470 कोटी बाइटच्या हिशेबाने. विंडोजच्या हिशेबात ती 4.38 जीबी भरते. 'डीव्हीडी 3' त्याच्या आतच होता. तरी खात्रीसाठी मी 4 जीबीच्या आसपासची एकच फाइल असलेला एक फोल्डर तयार केला आणि उघडला. क्षणात उघडला. वजन बाद झालं. उरली संख्या.

इथे सगळे रॅमवर बोट ठेवतात, आणि तसं वाटणं साहजिक आहे. मासिकाचं एक पान, ए-फोर आकाराचं, 200 डीपीआयला करड्या रंगात स्कॅन केलं की जेपीजी फाइल तीन-साडेतीनशे केबीची होते. पण तिचं छोटं चित्र काढण्यासाठी ती आधी मेमरीत पूर्ण उलगडावी लागते, आणि उलगडलेलं पान चार एमबीच्या जवळ जातं. अशी पानं हजारोंनी एकदम उलगडली तर 1 जीबी काय, 4 जीबीही पुरायची नाही. पण टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर मेमरीचा आकडा किंचित हलत होता, फुगत नव्हता. सॉफ्टवेअर एक पान उलगडत होतं, चित्र काढत होतं, पान मिटवत होतं. मेमरीच्या बाबतीत ते शहाण्यासारखं वागत होतं. रॅमवर घातलेले पैसे वाया गेले होते, हे मला बाईंना सांगावं लागलं.

इव्हेंट व्ह्युअरमधल्या नोंदी पाहिल्या. तिथे प्रोग्राम कोणत्या मॉड्यूलमध्ये पडला ते लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी नाव वेगळं. एकदा बटणं काढणारं, एकदा अक्षरं काढणारं, एकदा भलतंच. एका ठिकाणी छिद्र असेल तर नाव एकच यायला हवं. नावं बदलत असतील तर समजावं की काहीतरी संपतंय, आणि ते संपल्यावर ज्याला पहिली गरज लागेल तो पडतोय.

काय संपतंय, ते बाईंच्या रजिस्टरने सांगितलं. चहा आला होता. मी रजिस्टर घेऊन बसलो आणि बाईंना विचारलं, "तुम्ही सॉफ्टवेअर मध्ये मध्ये बंद करता का?" त्या म्हणाल्या, "नाही. सकाळी उघडते ते संध्याकाळपर्यंत उघडंच असतं. मिटलं तरच पुन्हा उघडते." मग मी प्रत्येक दिवशी सकाळपासून सॉफ्टवेअर मिटेपर्यंत उघडलेल्या फोल्डरांपुढे त्यातल्या फाइलींची संख्या मांडली आणि कागदावर बेरीज केली. सहा महिन्यांचा एक फोल्डर सहाशे-सातशे पानांचा. एका दिवशीची बेरीज आली साडेनऊ हजारांच्या थोडी पुढे. दुसऱ्या दिवशीची, तेवढीच. तिसऱ्या दिवशी फोल्डर वेगळे, क्रम वेगळा, मिटण्याची वेळ वेगळी, बेरीज मात्र तीच. लहान फोल्डर दुपारी का मिटतो आणि सकाळी का मिटत नाही, याचं उत्तर त्या बेरजेत होतं. "असं होऊ शकत नाही" म्हणून ज्या नोंदी बाजूला सारल्या गेल्या होत्या, त्यांनीच दुखणं पकडून दिलं.

आता मला नेमकं काय पाहायचं ते माहीत होतं. टास्क मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेन्यूत 'सिलेक्ट कॉलम्स' असतं. त्यात 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' नावाचा एक रकाना आहे. एरवी त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. पडद्यावर जे जे काढायचं त्यासाठी, म्हणजे चित्र, रेघ, रंग, अक्षराचा साचा, प्रत्येकासाठी विंडोज प्रोग्रामला एक हँडल देतं. काम झालं की ते परत करायचं असतं. एका प्रोग्रामला अशी हँडल्स जास्तीत जास्त 10,000 मिळतात, ही मूळ मर्यादा. त्यापुढे विंडोज नकार देतं. मशीनमध्ये रॅम कितीही असो, नकार तो नकार.

रकाना सुरू केला, सॉफ्टवेअर सुरू केलं. आकडा तीनशेच्या आसपास स्थिर. 'डीव्हीडी 3' उघडला. डाव्या बाजूला पानांची छोटी चित्रं एकेक उमटू लागली आणि उजवीकडे टास्क मॅनेजरमधला आकडा त्याच तालावर चढू लागला. दोन हजार, चार हजार, सात हजार. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. साडेनऊ हजार ओलांडले तेव्हा काही झालं नाही. 9,900च्या पुढे गेल्यावर नव्या चित्रांच्या जागी काळे चौकोन यायला लागले. मग वरच्या पट्टीवरची बटणं पुसली गेली. मेन्यूतली अक्षरं गेली. आणि खिडकी मिटली.

पुन्हा सुरू करून एक छोटा फोल्डर उघडला. आकडा सहा-सातशेने वाढला. त्या फोल्डरमधून बाहेर आलो, चित्रं पडद्यावरून गेली. आकडा खाली यायला हवा होता. आला नाही. म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रासाठी एक हँडल घेत होतं आणि ते परत करायचं विसरत होतं. बाईंना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, "एक वर्गणीदार रोज पुस्तक नेतोय आणि एकही परत आणत नाही." त्या लगेच म्हणाल्या, "मग कपाट रिकामं होणारच, त्यात कपाटाचा काय दोष?" फॉरमॅट मारल्यावर हेच सॉफ्टवेअर, याच आवृत्तीचं, पुन्हा घातलं गेलं होतं. दोष त्याच्या आतच असताना ते नव्या विंडोजवर वेगळं कसं वागणार?

कारण कळलं की उपाय अगदी साधे निघतात. पहिला उपाय, फोल्डर उघडायचाच नाही. एक पायरी वर जाऊन तो बंद फोल्डर तसाच उचलून बर्न करायच्या यादीत टाकायचा. चित्रंच काढावी लागत नाहीत, आकडा हलत नाही. डीव्हीडी बिनतक्रार तयार झाली. दुसरा, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये चित्रांऐवजी साधी यादी निवडायची. तिसरा, दुपारी जेवायला जाताना सॉफ्टवेअर बंद करायचं. प्रोग्राम बंद झाला की त्याने अडवलेली सगळी हँडल्स विंडोज स्वतः सोडवून घेतं. पुढे मी त्यांच्या मशीनवर इम्गबर्न हे मोफत सॉफ्टवेअरही घालून दिलं. त्यात फोल्डरची आधी एक आयएसओ इमेज करायची आणि मग ती डिस्कवर उतरवायची, असे दोन वेगळे टप्पे करता येतात. एकाच इमेजवरून तीन प्रती काढल्या तर तिन्ही तंतोतंत सारख्या होतात, आणि बिघाड झालाच तर तो फाइली गोळा करताना झाला की डिस्क जळताना, हेही लगेच कळतं.

सगळी पानं एका फोल्डरमध्ये ओतायची पद्धतही आम्ही बदलली. वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा, त्यात पानं. ही रचना बाईंना पहिल्यापासून हवी होती. डीव्हीडीसाठी "सगळं एकत्र करा" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नावांचा प्रश्न तेव्हाच निघाला. फाइलींना मराठी नावं द्यावीत, अशी त्यांची इच्छा. डिस्कवर जोलिएट पद्धतीने नावं लिहिली तर देवनागरी चालते, पण एका नावाला 64 अक्षरांची मर्यादा असते, आणि संगणक काना, मात्रा, वेलांटी यांना वेगळं अक्षर मोजतो. 'दिवाळी' लिहिलं की सहा अक्षरं खर्च झाली. लेखाचं आणि लेखकाचं नाव घातलं की मर्यादा ओलांडलीच. शेवटी फाइलचं नाव फक्त आकड्यांत ठेवायचं ठरलं, वर्ष-महिना-पान, म्हणजे 1962-11-034 असं. मराठी माहिती सगळी सूचीत. सूचीची फाइल प्रत्येक डीव्हीडीवर पहिली. पुन्हा कुणी फॉरमॅट मारलाच तरी ती जाणार नाही.

गेलेली सूची बाईंनी नव्याने केली, स्कॅन केलेली पानं एकेक उघडून. त्यांनी तक्रार केली नाही. पण त्या कामाचा विचार आला की आजही मला त्या आधीच्या माणसाचा राग येतो. त्याचं ज्ञान कमी होतं, याचा राग नाही. जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना मलाही कुठल्या वर्गात कुणी शिकवला नव्हता. राग याचा, की समोर चार रकान्यांचं रजिस्टर उघडं असताना त्याने ते वाचलं नाही. तालुक्याच्या गावातली एक बाई संगणकाबद्दल काहीतरी नेमकं सांगते आहे, हे त्याला खरं वाटलं नाही. शहरातल्या कॉल सेंटरपासून गावातल्या दुकानापर्यंत हा रोग मी पाहतो. वापरणाऱ्याला काही कळत नाही, असं गृहीत धरूनच काम सुरू होतं.

पुढे काळ बदलला. डिस्क मागे पडल्या. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. तेव्हा त्या डीव्हीडी मी बाईंना अंधारात, उभ्या, डब्यात ठेवायला सांगितल्या होत्या. सीडी आणखी नाजूक, तिचा चकाकणारा थर छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो, त्यामुळे वरून बॉलपेनने दाबून लिहिलं तरी ओरखडा आत जातो. डीव्हीडीत तो थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. नव्या लॅपटॉपमध्ये तर ड्राइव्हच येत नाही. ग्रंथालयाच्या सगळ्या डीव्हीडी आता दोन हार्ड डिस्कवर उतरवल्या आहेत. फोल्डरांची रचना तीच, नावंही तीच.

तुमच्याकडे संगणक दुरुस्तीला कुणी आलं, तर एवढं करा. "चालत नाही" म्हणू नका. कोणत्या फोल्डरवर, कितव्या क्लिकला, किती फाइली असताना, सकाळी की दुपारी, हे सांगा. संदेश आला असेल तर तो शब्दशः लिहून ठेवा, मोबाइलने फोटो काढा. दोन-चार दिवसांच्या नोंदी असतील तर त्या पुढे ठेवा आणि वाचायला लावा. तरीही तो फॉरमॅटच म्हणाला, तर आधी सी ड्राइव्हवरचं तुमचं सगळं काम त्याच्यासमोर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, आणि ती डिस्क काढून स्वतःच्या हातात ठेवा.